पप्पा ‘मेडिकलला’ म्हणायचे ते वर्ष

चाकणच्या कंपनीतल्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेलो तो एसीसाठी. घरी अजून हे कुणाला ठाऊक नाही. घरी सगळ्यांचा समज असा, की रुग्णसेवेची ओढ मला लहानपणापासूनच होती. आईने तर एकदा पाहुण्यांना सांगितलं, की चौथीत असताना मी एका चिमणीच्या पायाला पट्टी बांधली होती. कुठली चिमणी, ते तिलाच माहीत.

खरी गोष्ट अशी. बारावी सायन्सला मला असे मार्क पडले, की लोकांना अभिनंदनही करता येईना आणि सांत्वनही. पुढे काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत पॅकिंगला लागलो. चिखलीच्या आमच्या चौकातून सकाळी कंपनीची बस मिळायची. दिवसभर रबरी पार्ट पिशवीत भरायचे, पिशवीवर स्टिकर लावायचं, पिशवी खोक्यात टाकायची. डोक्यावर पत्रा आणि ऑक्टोबरचं ऊन. कामगाराला जाता येईल अशी थंड जागा अख्ख्या कंपनीत एकच होती, दवाखाना. त्यामुळे माझं डोकं दुखू लागलं.

तिथे एक ब्रदर होते. पुरुष नर्सला आपल्याकडे ब्रदर म्हणतात. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि रजिस्टरमधलं अक्षर असं की लग्नपत्रिका लिहून घ्यावी. ते मला आडवं व्हायला सांगायचे, बीपी बघायचे आणि नोंद करायचे. पाचव्या खेपेला त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"वाच," म्हणाले. "मंगळवार, दुपारी दोन. शुक्रवार, दुपारी दोन. मंगळवार, दुपारी दोन. इतकी वक्तशीर डोकेदुखी मी उभ्या नोकरीत पाहिली नाही."

आता तक्रार सुपरवायझरकडे जाणार, म्हणून मी उठून बसलो. तेवढ्यात दार ढकलून दोघांनी एका कामगाराला धरून आत आणलं. पार्ट धुवायचं केमिकल त्याच्या डोळ्यांत उडालं होतं. कंत्राटी माणूस, हिंदी बोलणारा, माझ्याहून बराच मोठा, अंगाने पैलवान. पण भीतीने नुसता ओरडत होता. ब्रदरांनी त्याला बेसिनवर वाकवलं, पाणी सोडलं आणि मला म्हणाले, "तुझं डोकं थांबलं असेल तर ह्याचं धर."

मी धरलं. पंधरा मिनिटं पाणी चालू होतं. ब्रदर एका हाताने त्याच्या पापण्या उघड्या ठेवत होते आणि हळू आवाजात त्याच्याशी बोलत होते. तो मात्र मला विचारत होता, कारण माझं मनगट त्याच्या मुठीत होतं.

"भैया, आँख है ना?"

"है," मी म्हणालो. "दोनों हैं."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुन्हा मी तेच. तिसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज उतरला होता आणि मुठीतली पकड सैल झाली होती. तो माझ्या एका शब्दावर शांत होतोय, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याआधी माझ्या कुठल्याच शब्दावर कुणी शांत झालं नव्हतं. उलट अनुभव भरपूर होता.

त्याला पुढे हॉस्पिटलला नेलं. डोळे वाचले, आठवड्याने तो कामावर आला. अपघाताच्याच दिवशी, दवाखान्यात पाणी पुसताना ब्रदर म्हणाले, "हात थरथरले नाहीत तुझे. पॅकिंगमध्ये काय करतोयस? नर्सिंगला जा."

"पण ते मुलींचं असतं ना?"

त्यांनी स्वतःकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी फडकं घेतलं आणि उरलेलं पाणी पुसू लागलो.

बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं असतं, त्याला सीईटी असते, बारावीचे सायन्सचे विषय चालतात, हे सगळं त्यांनीच सांगितलं. मी ते घरी जेवताना सांगितलं. माझे वडील भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात. मूळचे आम्ही लातूरकडचे. पप्पांना इथे येऊन पंचवीस वर्षं झाली तरी त्यांची बोली तिकडचीच आहे. त्यांनी घास खाली ठेवला.

"नर्स? तू? कामून?"

धाकटी बहीण तेव्हा दहावीला होती. ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "घरात सिस्टर मी एक आहे, तेवढी पुरे."

आई हसली. पप्पा हसले नाहीत. पण त्यांनी नाहीही म्हटलं नाही. तो त्यांचा स्वभावच नाही. त्यांनी दुसराच मार्ग काढला. दुसऱ्या दिवसापासून कुणी विचारलं, पोरगं काय करतंय, की ते सांगायचे, "मेडिकलला चाललंय." पुढचा शब्द ऐकणाऱ्याने आपापल्या कुवतीप्रमाणे जोडून घ्यायचा.

लोकांची कुवत मोठी निघाली. पंधरा दिवसांत मी आमच्या बिल्डिंगचा डॉक्टर झालो. जिन्यात लोक मला रक्ताचे रिपोर्ट दाखवू लागले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जीभ बाहेर काढून दाखवली. तळमजल्यावर एक निवृत्त आजोबा होते, एकटेच राहायचे. त्यांच्याकडे बीपीचं मशीन होतं आणि त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते मला रोज संध्याकाळी हाक मारायचे. मी घाबरून ब्रदरांना विचारलं. ते म्हणाले, "औषध सांगायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. पाच मिनिटं त्यांना गप्प बसव, पट्टा नीट बांध, आकडा वहीत लिही, जास्त दिसला तर त्यांच्या डॉक्टरकडे पाठव." मी तसं करू लागलो. यातलं सगळ्यात अवघड काम आजोबांना पाच मिनिटं गप्प बसवण्याचं होतं.

अभ्यास सुरू करायचा तर पुस्तकं हवीत. फिजिक्स, केमिस्ट्री सापडलं. बायोलॉजी सापडेना. चार दिवसांनी ते स्वयंपाकघरात निघालं; आईने त्याची पानं सुटी करून मसाल्याच्या डब्यांखाली अंथरली होती.

"बारावी झाली ना तुझी?" ती म्हणाली. तिचंही बरोबर होतं.

आम्ही डबे उचलून पानं गोळा केली. हृदयाच्या आकृतीवर हळदीचा गोल उमटला होता. डावा कप्पा कुठला आणि उजवा कुठला, याचा माझा गोंधळ तिथून मिटला. हळदीचा तो डावा.

पहिली शिफ्ट संपवून मी निगडीच्या एका अभ्यासिकेत जाऊन बसायचो. तिथे उतरंड होती. खिडकीशी स्पर्धा परीक्षावाले, पंख्याखाली डॉक्टर होणारे, आणि दाराशी मी. शेजारच्याने पहिल्या दिवशी विचारलं, "कशाची तयारी?" आणि माझ्या तोंडून निघालं, "मेडिकलची." ऐकून मलाच धक्का बसला. रक्तातूनच आलं असणार.

फिजिक्स मला कधीच जमलं नव्हतं. एका रविवारी मी स्क्रू गेजच्या गणितावर डोकं धरून बसलो होतो. पप्पा मागून येऊन पुस्तकात बघत उभे राहिले.

"हे तर मायक्रोमीटर हाय," ते म्हणाले. मग त्यांनी कपाटातून स्वतःचं मायक्रोमीटर काढलं. मखमलीच्या डबीत असतं ते. आम्हा भावंडांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. त्यांनी माझ्याच डोक्यावरचा एक केस उपटला, त्यात धरला आणि आकडा वाचून दाखवला. मग वहीचं पान, मग बहिणीची रिबीन, मग पापड. तासाभरात लीस्ट काउंट म्हणजे काय, लहानात लहान किती मोजता येतं, ते मला असं कळलं, की वर्गात दोन वर्षांत कळलं नव्हतं.

"दहावी नापास माणूस तुला शिकवायला," ते डबी बंद करत म्हणाले. फार खूष होते.

सीईटीत नर्सिंगच्या कलाचेही प्रश्न असतात. म्हणजे एखादा प्रसंग द्यायचा आणि तुम्ही काय कराल ते विचारायचं. ते प्रश्न बहीण जेवताना मोठ्याने वाचायची आणि सगळं घर उत्तर द्यायचं.

"रुग्णाचा नातेवाईक तुमच्यावर ओरडतो आहे. तुम्ही काय कराल?"

"गेटच्या भायेर काढायचं," पप्पा म्हणायचे.

"आधी बसवायचं, पाणी द्यायचं," आई पोळी लाटता लाटता म्हणायची. "घाबरलेला असतो हो तो."

बहीण उत्तरं बघायची. दर वेळी आई बरोबर. एका आठवड्यात आईचं एकही उत्तर चुकलं नाही आणि पप्पांचं एकही बरोबर आलं नाही. शेवटी ते म्हणाले, "पेपर सेट करणाऱ्या बायाच असतील."

परीक्षेच्या दिवशी ते अर्धी सुट्टी टाकून माझ्याबरोबर आले. नको म्हटलं तरी आले. केंद्राबाहेर रांग होती, आणि रांगेत बहुतेक सगळ्या मुली. माझ्यासारखे तिघं-चौघं होते, तेही एकमेकांकडे न बघता उभे. एका बाईंनी पप्पांना सहज विचारलं, "तुमची मुलगी कुठली?"

पप्पांनी माझ्याकडे बोट केलं. "ती उंच."

मी आत गेलो. दीड तास स्क्रीनसमोर बसलो. एक प्रश्न स्क्रू गेजचा आलाच. बाकी काही आले, काही सोडले. बाहेर आलो तर पप्पा झाडाखाली सात-आठ बायकांच्या मधोमध बसून कुणाच्या तरी डब्यातला ढोकळा खात होते. मला वाटलं होतं, ते कोपऱ्यात तोंड लपवून उभे असतील.

परतीच्या बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा धरली. मग म्हणाले, "त्यातल्या एक बाई नर्सच हायेत. वीस वर्षं झाली म्हने. ऑपरेशनच्या पेशंटला कसं उचलायचं, कसं वळवायचं, टाका न वढता, ते सांगायल्या होत्या. ऑक्सिजनचं मीटर वाचायचं. सलाईनचे थेंब मोजायचे, मिनिटाला किती ते. एक बी चुकून चालत न्हाई."

"हो."

"आमच्याकडं पार्ट चुकला तर स्क्रॅपमध्ये टाकतो," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. भोसरी आल्यावर वर्कशॉपला जायला उठता उठता निकाल दिला, "टेक्निकल काम हाय."

पप्पांच्या तोंडी याहून मोठी पदवी नाही.

निकाल ठीक लागला. मग प्रवेशाच्या फेऱ्या आणि कागदपत्रं सुरू झाली: दाखले, त्यांच्या झेरॉक्स, झेरॉक्सच्या झेरॉक्स. मध्ये एक वर्ष गेलं म्हणून त्याचं प्रतिज्ञापत्र. त्यात कारण लिहायचं होतं. मी ‘कंपनीत अनुभव घेत होतो’ असं लिहिलं. एसीचा उल्लेख टाळला. पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. पप्पांनी ती यादी तीनदा वाचली, शेवटून सुरुवातीपर्यंतही वाचली. त्या दोन आठवड्यांत घरात कुणी मला चिडवलं नाही, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली. बहीण तर मला ‘अहो दादा’ म्हणाली.

दुसऱ्या यादीत नाव आलं. कॉलेज शहरातलंच, चिखलीहून एका बसचं. पप्पा पेढे घेऊन जिन्यातून वर येत होते, मी मागे. तळमजल्याच्या दारात आजोबा उभे.

"काय, झाले का डॉक्टर आमचे?"

पप्पा थांबले. मी वर निसटायच्या बेतात होतो. त्यांनी पेढ्याचा पुडा सोडला, आजोबांपुढे धरला आणि एवढ्या मोठ्याने बोलले की वरच्या काकू कठड्याशी आल्या. "डॉक्टर न्हाई, आबा. नर्सिंग. बीएस्सी नर्सिंग. चार वर्षं हाय. माझ्याकडूनच बोलायचं ऱ्हाऊन गेलतं."

आजोबांनी पेढा तोंडात टाकला, नीट चावला. "मग बरं झालं," ते म्हणाले. "डॉक्टर झाला असता तर रोज माझ्या घरी कशाला आला असता?"

पप्पांनी आजोबांना आणखी एक पेढा दिला.

कंपनी सोडताना ब्रदरांनी मला स्वतःचं जुनं सेकंद काट्याचं घड्याळ दिलं. नाडी मोजताना मोबाईल काढायचा नाही, एवढं बजावलं.

कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं, निदान हाडांचा सांगाडा तरी दाखवतील. मॅडमनी आम्हाला प्रॅक्टिकलच्या हॉलमध्ये नेलं आणि रिकामी खाट दाखवली. पहिला धडा पलंगावर चादर घालण्याचा. सुरकुती चालत नाही, कारण महिनोन्‌महिने पडून असलेल्या माणसाला एक सुरकुतीही टोचते, पाठीला जखम होते. कोपरा तिरका दुमडून गादीखाली घट्ट खोचायचा. मला सात वेळा काढून पुन्हा घालावी लागली. बाजूच्या खाटेवरची मुलगी म्हणाली, "दादा, घरी कधी अंथरूण घातलं होतं का?" खोटं बोलायची सोय नव्हती.

घरी येऊन मी जेवायच्या आधीच सराव केला. आई-पप्पांच्या खोलीतली गादी, त्यावर धुतलेली चादर, चारी कोपरे. पप्पांनी वाकून एका डोळ्याने कड पाहिली, लेथवरचा जॉब बघतात तशी, आणि जेवायला वळले; म्हणजे पास. आई दारात उभी राहून बघत होती.

"चार वर्षांचा कोर्स आहे ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग माझं अंथरूण चार वर्षं तूच घाल," असं म्हणून ती नुकत्याच केलेल्या त्या पलंगावर ऐसपैस आडवी झाली.