शून्य बिलाची धास्ती

दुबईतल्या आमच्या ऑफिसात आम्ही चार मराठी माणसं एकाच टेबलावर डबे उघडतो. त्यामुळे किस्से शोधावे लागत नाहीत. डबे रिकामे होतात, किस्से उरतात! पण या हिवाळ्यात जे साचले, त्यांवर मी फक्त टेबलापुरता हसायचो. घरी आलो की नुसती धास्ती.

धास्तीचं कारण आधी सांगतो. इथे घरभाड्याच्या हिशेबाने पालिकेची हाउसिंग फी लागते आणि ती वीज-पाण्याच्या बिलातून दर महिन्याला जाते. आमची कंपनी ती फी बेनिफिट म्हणून देते. बिल दाखवायचं, फी परत घ्यायची. सगळ्यांची बिलं तपासतात आमचे सीनियर अकाउंटंट नाईकसाहेब. मी त्यांच्याच हाताखाली आहे.

*

नाईकसाहेब म्हणजे काटकसरीचा कळस. पेटलेला दिवा दिसला की हात आपोआप बटणाकडे जातो. एकदा जाता जाता त्यांनी मीटिंग रूमचे दिवे घालवले. आत मॅनेजर बसलेला, समोर क्लायंट!

अंधारातून आवाज आला, "हबीबी, आम्ही अजून आत आहोत!"

नाईकसाहेब शांतपणे म्हणाले, "सर, लॅपटॉपचा उजेड आहे ना!"

*

डिझाइनमधल्या देशपांडे मॅडमचं भाडं कमी झालं, पण फी जुन्याच भाड्यावर चालू राहिली. त्यांनी तक्रार केली. फी उतरली आणि जास्तीची रक्कम बिलाच्या खात्यात जमा झाली. मॅडम सरळमार्गी, स्वतःहून येऊन सांगितलं.

"फी कंपनीने दिलेली, म्हणजे रिफंड कंपनीचा," असं म्हणून नाईकसाहेबांनी तो पुढच्याच पगारातून एका फटक्यात कापला.

मॅडम भडकल्या. "अहो, माझ्या हातात एक दिरहमसुद्धा आला नाही! ते पैसे बिलातच अडकलेत!"

"मग वीज वापरा ना, मॅडम!"

वर सगळ्यांना ईमेल गेला : रिफंड लपवणारा थेट एचआरकडे जाईल. इथे नोकरी गेली की मागोमाग व्हिसा जातो. त्या दिवशी टेबलावर कोणी लोणचंही मागितलं नाही.

*

घाबरला नाही तो एकटा शिंदे. हा साइट सुपरवायझर, करामा भागात एका मित्राबरोबर राहतो. त्याच्याही खात्यात रिफंड जमा झाला आणि बिल आलं शून्य. शून्य बिल दाखवलं तरी नाईकसाहेब विचारणार, नाही दाखवलं तरी विचारणार!

शिंदेने भर डिसेंबरात एसी सोळावर लावला. "क्रेडिट खलास केलं की बिल सुरू. तेच नेऊन दाखवायचं!" नाईकसाहेब टेबलावरून उठल्यावर हे सांगताना तो तीनदा शिंकला. त्याचा रूममेट कानटोपी घालून भात शिजवायचा म्हणे.

*

त्याच आठवड्यात माझ्या घरी शून्य बिल आलं.

आमची फी आधीच्या भाडेकरूच्या भाड्यावर चालली होती, हे माझ्या बायकोने, अनघाने, हेरलं आणि मला न सांगता अर्जही केला. "तीन हजार दिरहम! म्हणजे सत्तर हजार रुपयांच्या वर!" ती नाचायचीच बाकी होती. मी बिल उचलून बॅगेत टाकलं.

मुलगी सई म्हणाली, "पपा, झिरो इज गुड, राइट?"

शिंदेचा किस्सा अनघाला मीच सांगितला होता. तिने एसीचा रिमोट उचलला. मी तो हिसकावून कपाटात ठेवला. पण बिलही माझ्या बॅगेतच राहिलं, अकरा दिवस. दुसऱ्यांची बिलं तपासणारा माणूस मी! नाईकसाहेबांनी नुसतं "जरा ये रे" म्हटलं तरी मी बॅग पायाने टेबलाखाली सरकवायचो.

शेवटी त्यांनी विचारलंच, "तुझं बिल नाही आलं या महिन्यात?"

"इन्शाल्ला, उद्या," मी म्हणालो, आणि ते दुसऱ्या दिवशीही दिलं नाही.

*

मग संक्रांत आली. शनिवारी दुपारी मी तिळगुळाचा डबा आणि ते बिल घेऊन एकटाच नाईकसाहेबांच्या घरी गेलो. लिफ्टमध्ये वाक्य घोकत होतो, "साहेब, चुकलो. पगारातून कापा, पण वर कळवू नका."

दार वहिनींनी उघडलं. अंगात स्वेटर, पायात मोजे. आतून गार वाऱ्याचा झोत आला. हॉलचा एसी घोंघावत होता, बेडरूमचाही ऐकू येत होता. भर दुपारी घरातले सगळे दिवे लागलेले. सोफ्यावर नाईकसाहेब शाल गुंडाळून बसले होते.

घोकलेलं वाक्य मी विसरलो. नुसतं बिल पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, एकदा एसीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

वहिनी चहा घेऊन आल्या. "भावजी, पटकन प्या, इथे लगेच निवतो. यांनी बजावलंय, महिनाअखेरपर्यंत काही म्हणजे काही बंद करायचं नाही!"

नाईकसाहेबांनी माझ्या बिलाची चार पदरी घडी घातली आणि माझ्याच खिशात ठेवली. मग मी आणलेल्या डब्यातलाच एक लाडू माझ्या हातावर ठेवून म्हणाले,

"तिळगूळ घे. गोड बोल रे बाबा!"