मामांच्या नारळानं पाहिलेला समुद्र

मंडळी, आधीच सांगून ठेवतो — भूत, भानामती, अंगात येणं, यातलं मी काहीच मानत नाही. माझं मुरुडला ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबचं दुकान आहे. (लातूरजवळचं मुरुड. समुद्रकाठचं ते दुसरं. आमच्याकडं टँकर येतो.) ज्या गोष्टीत हवा भरता येत नाही तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा आपला नियम. तरीपण जे झालं ते झालं, आणि जेवढं झालं तेवढंच सांगतो. वाढवून सांगायची मला सवय नाही, अख्खं मुरुड साक्षीला आहे.

माझे नामदेवमामा पाणाड्या आहेत. म्हणजे बोअर पाडायच्या आधी तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात फिरायचं, आणि जिथं नारळ आपोआप उभा राहील तिथं पाणी. आमच्या भागात मोठा मान आहे याला. अडचण एकच — मामांचा नारळ एकदाही उभा राहिला नव्हता. मग मामा अंदाजानं बोट दाखवायचे, आणि मशीन तिथून असा फुफाटा काढायची की शेजारच्या गावातल्या बाया वाळवण उचलायला पळायच्या. मागच्या उन्हाळ्यात आमचंच रान कोरडं निघालं. त्या दिवशी मामांनी नारळ आईच्या देवघरात ठेवला नि म्हणाले, "अक्का, सुटला माझा हात." तेव्हापासून ते पारावर बसेनात, चहाला येईनात. कुणी साधा पाण्याचा तांब्या पुढं केला तरी त्यांना टोमणा वाटायचा.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे समुद्र बघायला निघालो. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर एक गाव आहे, तिथं गोरी माणसं फळीवर उभी राहून लाटेवरून घसरतात. बायकोनं फोनवर 'फॅमिलीसाठी सेफ बीच' शोधून शोधून ते गाव काढलं. माझ्या दोन्ही पोरी पाण्यात लोळायला टपलेल्या, आणि मी दुकानातली ट्रॅक्टरची मोठी ट्यूब गाडीच्या टपावर बांधलेली. पण आईनं अट घातली — पोरी पाण्यात उतरतील, मात्र आधी नामदेवानं पाणी बघायचं. मी म्हणालो, आई, समुद्र आहे, पाणी असणारच. तर म्हणे, असलं म्हणून काय झालं, कसं हाय ते नको बघायला? खरं म्हणजे तिला भावाला पुन्हा चार माणसांत आणायचं होतं. समुद्राला वाहायचा म्हणून तिनं तोच देवघरातला नारळ, शेंडीला लाल दोरा बांधून, पिशवीत घेतला होता.

पहिल्या बीचवर लाटा अशा की एका लाटेत ग्रामपंचायतीची टाकी भरावी. मामांनी चपला काढल्या, नारळ हातावर ठेवला आणि डोळे मिटून वाळूत चालले. नारळ आडवाच. समोर अख्खा अरबी समुद्र गरजत होता, आणि मामा पडलेल्या आवाजात म्हणाले, "हितं पाणी न्हाई, अक्का."

बायको तोंडाला पदर लावून गाडीमागं गेली. एका गोऱ्यानं फळी खाली ठेवून मामांचा फोटो काढला. मामांचा चेहरा इतका उतरला की मलाच हसू गिळावं लागलं. आई मात्र ढिम्म. न्हाई म्हणाला ना, मग न्हाई, चला फुडं.

दुसरा बीच बघून पोरी उड्याच मारायला लागल्या. दोन्ही बाजूंना लाटा, पण मधला एक पट्टा कसा सारवलेल्या अंगणासारखा सपाट. बायको आईला म्हणाली, आत्याबाई, फॅमिलीसाठी ह्याच्याहून चांगला कुठं मिळणार? मी ट्यूब खाली घेतली. मामा राहू द्या, राहू द्या म्हणत होते, तरी आईनं बळंच त्यांच्या हातावर नारळ ठेवला.

आणि मंडळी... नारळ उभा राहिला.

हळूहळू नाही. वर्गात साहेब आल्यावर पोरगं उठतं तसा, ताडकन. शेंडी वर, लाल दोरा ताठ, आणि गरगर फिरायला लागला. मग त्यानं हातावरून उडीच मारली, वाळूवरून गडगडत त्या सपाट पाण्यात शिरला आणि पुण्याच्या ट्रॅव्हल्ससारखा सुसाट आत निघाला. बाजूच्या लाटा किनाऱ्याकडं येत होत्या, आणि हा पठ्ठ्या उलटा समुद्रात चाललेला. बघता बघता ठिपका झाला.

मामांनी दोन्ही पोरींना बखोटीला धरून मागं ओढलं.

"पाणी हाय, अक्का. लई हाय. पर हे देणारं पाणी न्हाई, नेणारं हाय."

तेवढ्यात शिट्टी वाजवत लाइफगार्ड पळत आला. माझी सासुरवाडी निलंग्याकडची, कर्नाटकाच्या शिवेवरची, त्यामुळं बायकोला कानडी येतं. तो बोलला ते तिनं सांगितलं — जिथं लाट फुटत नाही तिथूनच पाणी आत ओढून नेतं, आणि सपाट दिसतं म्हणून माणसं नेमकी तिथंच उतरतात. त्यानं तिथं लाल झेंडा रोवला. मी ट्यूब गुपचूप परत टपावर बांधली. बायकोनं मामांना वाकून नमस्कार केला. लग्नातसुद्धा ती एवढी वाकली नव्हती.

लाइफगार्डनंच मग तिसरा बीच दाखवला, खडकाच्या आडोशाचा, गुडघाभर पाण्याचा. पोरी दुपारभर ट्यूबमध्ये तरंगल्या. आई पदर खोचून पाण्यात बसली ती उठेचना. आणि उन्हं कलताना मामांच्या पायाला काहीतरी येऊन लागलं.

तोच नारळ. लाल दोऱ्यासकट. पाण्यात शेंडी वर करून उभा.

लाइफगार्ड म्हणाला, प्रवाहानं फिरून येऊ शकतो. उभा का विचारलं, तर शिट्टी वाजवत पुढं गेला. आई म्हणाली, समुद्रानं परत दिला, आता हा वाहायचा नाही.

गावी आल्यावर ही गोष्ट मी फक्त दोघा-तिघांच्या कानावर घातली, तरी ती पार हदगावला पोचली. मग आईच्या हट्टानं मामा तोच नारळ घेऊन आमच्या कोरड्या रानात फिरले. बांधाजवळ नारळ ताडकन उभा. मशीन आली, आणि पाणी लागलं! फवारा असा उडाला की मशीनवाला टोपी टाकून पळाला आणि वरून चाललेल्या बगळ्यांची आंघोळ झाली. आई रडायला लागली. मामांनी ओंजळ भरून घोट घेतला आणि उरलेली ओंजळ माझ्यापुढं केली. मग मी चाखलं.

खारं. नुसतं मचूळ नाही, समुद्रासारखं खारं. आणि गाळात नखाएवढा एक शिंपला.

कॉलेजातले एक सर म्हणाले, जमिनीत क्षार असतात. शिंपला पुढं केला तर त्यांनी चष्मा पुसला आणि घड्याळ बघितलं. बायकोचं म्हणणं, नारळानं एकदा समुद्र बघितला, आता त्याला दुसरं पाणी पसंत पडत नाही. मामी त्या पाण्यात भात शिजवते आणि मिठाचा डबा वर ठेवून दिलाय. मला विचाराल तर आजही उलगडा झालेला नाही. शिंपला दुकानात गल्ल्याशेजारी ठेवलाय, कुणीही येऊन बघावा.

मामा मात्र आता पारावर मधोमध बसतात. कुणी चवीचं खवचटपणे काढलंच, तर चहाचा कप सावकाश खाली ठेवतात.

"पाणी लागलं का न्हाई, तेवढं बोला. चव इचारू नका."