दसऱ्याला पूजलेला मदरबोर्ड

दीक्षितकाकांनी पिशवीतून खोकं काढलं, तर खोक्याच्या आधी तांदळाचे चार दाणे माझ्या काउंटरवर पडले. मग मदरबोर्ड बाहेर आला. मधोमध हळदीचं बोट, शेजारी कुंकू आणि रॅमच्या खाचेत रुतून बसलेली एक अक्षता.

"हे चालेल ना?" काकांनी विचारलं.

"काय, बोर्ड की पूजा?"

काका हसले नाहीत. एरवी माझ्या फालतू विनोदांनाही हसणारा माणूस. प्रकरण गंभीर होतं.

औरंगपुऱ्यात पहिल्या मजल्यावर माझं दुकान आहे. सुटे पार्ट जोडून कॉम्प्युटर उभा करून द्यायचा, हा धंदा. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. पावसानं सलग पाठ फिरवलेली होती, नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि तरी पडेगावकडे रोज एक नवी इमारत उभी राहत होती. नव्या फ्लॅटमध्ये लोक आधी पाण्याची टाकी घ्यायचे, मग फ्रिज, मग कॉम्प्युटर. दीक्षितकाका त्यातलेच. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, पडेगावच्या एका नव्या सोसायटीत राहायला गेलेले.

त्यांची मुलगी गार्गी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला गेमिंगचा कॉम्प्युटर हवा होता, आयुष्यातला पहिला. पैसे शिकवण्या घेऊन ती स्वतः जमवत होती. काकांचा विरोध होता. "गेम खेळायला कोणी मशीन घेतं का?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किमान सहा वेळा ऐकलं होतं. शिवाय घरचा नियम असा, की मोठी वस्तू घ्यायची ती साडेतीन मुहूर्तांपैकीच एकाला. पोरीनं यातून वाट काढली. सगळं मशीन एकदम घ्यायला पैसे नाहीत आणि मुहूर्त तर वर्षातून चार. मग मशीनच वाटून टाकलं. गुढीपाडव्याला प्रोसेसर, अक्षय्य तृतीयेला रॅम आणि हार्ड डिस्क, दसऱ्याला मदरबोर्ड, दिवाळीच्या पाडव्याला ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेट आणि उरलेलं सगळं.

ऐकून मी कपाळाला हात लावला होता. पार्टचा बाजार आपलं पंचांग बघून चालत नाही. पाडव्याला नवं असलेलं दसऱ्याला जुनं होतं. "निदान प्रोसेसर आणि बोर्ड तरी एकाच दिवशी घे," असं मी तिला सांगितलं. "काका, एका मुहूर्तात तेवढे पैसे बसत नाहीत," ती म्हणाली. मग मी तिला बोर्डाचं नेमकं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं.

थोडं समजावून सांगतो. मदरबोर्ड म्हणजे ज्यावर बाकीचे सगळे पार्ट बसतात ती मोठी पाटी. प्रोसेसर बसायच्या चौकोनी जागेला सॉकेट म्हणतात. त्या सॉकेटमध्ये केसाएवढ्या पिना असतात आणि त्या पिनांच्या संख्येवरूनच सॉकेटचं नाव पडतं. गार्गीचा प्रोसेसर अकराशे पन्नासचा होता. काकांनी काउंटरवर ठेवलेला बोर्ड होता अकराशे एक्कावन्नचा.

झालं असं. दसऱ्याच्या दिवशी काकांना एकाएकी पाझर फुटला. "बोर्ड माझ्यातर्फे," असं बायकोला सांगून, गार्गीला न कळवता ते बाजारात गेले. मी त्या दिवशी कन्नडजवळच्या माझ्या गावी. दुकान बंद. काका दुसऱ्या दुकानात शिरले.

"तो दुकानदार म्हणाला, अंकल, ग्यारा सौ पचास पुराना हो गया. ये लेव, ग्यारा सौ इक्कावन. एक पिन जादाच है. मला वाटलं, एक जास्त आहे म्हणजे बरंच असणार."

"मग?"

"घरी आणला, खोकं उघडलं, पूजा केली. गार्गी एवढी खूश झाली म्हणता! दुसऱ्या दिवशी सहज तिच्या टेबलावर तुमची चिठ्ठी दिसली. आकडा जुळेना. दुकानात परत गेलो, तर हळद बघून त्यानं हात वर केले."

मी रॅमचं विचारलं. तीही जुळत नव्हती. तिची डीडीआर थ्री, बोर्ड डीडीआर फोरचा. रॅमच्या पट्टीला मध्ये एक खाच असते, ती दोन्हींत वेगळ्या जागी असते. घासून, दाबून, विनवणी करून बसत नाही.

काका खुर्चीत बसले. "तीस वर्षं टेंडरमध्ये पाइपांचे व्यास तपासले मी. पाऊण इंची पाइपाला अर्ध्या इंचाचा कॉक लावणाऱ्या कंत्राटदाराचं बिल अडवून धरायचो. आणि घरच्या पहिल्याच वस्तूत ही गत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "गार्गीला कळता कामा नये. गुपचूप बदलून द्या."

मला त्यांचं वाईट वाटलं. बोर्ड ठेवून घेतला आणि शब्द दिला.

तिसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर गार्गी आली. आल्या आल्या म्हणाली, "काका, बाबांनी चुकीचा बोर्ड आणलाय."

मी चेहरा शक्य तेवढा कोरा ठेवला. "तुला कधी कळलं?"

"पूजा चालू होती तेव्हाच. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय की. पण बाबांचा चेहरा बघून बोलवलंच नाही. पहिल्यांदा ते स्वतःहून यात पडलेत. चूक दाखवली तर म्हणतील, आपल्याला यातलं काही कळत नाही, तुझं तू बघ. मग कायमचे बाजूला होतील." तिनं पर्स उघडली. "ग्राफिक्स कार्डाचे पैसे आणलेत. यातून योग्य बोर्ड द्या, कार्ड पुढच्या वर्षी घेईन. फक्त बाबांना सांगू नका."

एकाच घरातली दोन माणसं, एकच गुपित, आणि मध्ये मी. तिला म्हटलं, "पैसे आत ठेव. कार्डाचे कार्डालाच लागतील. पाडव्यापर्यंत तुझं काम होतं."

"कसं?"

"धंद्यातली गुपितं विचारायची नसतात."

खरं तर तेव्हा मलाही माहीत नव्हतं. अकराशे पन्नासचा एक बोर्ड माझ्याकडे होता. दोनेक वर्षं कपाटात वरच्या फळीवर पडलेला, पण सीलबंद. प्रश्न काकांच्या बोर्डाचा होता. हळदीकुंकवाचा बोर्ड घेणार कोण?

घेणारा हर्सूलहून आला. काडूबा, टँकरवाले. दुष्काळानं त्यांचा धंदा असा वाढला होता की वहीत मावेना. त्यांना ऑफिसला नवा कॉम्प्युटर हवा होता. मी सगळं खरं सांगितलं. बोर्ड कोरा करकरीत आहे, चालवून बघितलाय, वॉरंटी आहे, फक्त एका घरी त्याची पूजा झालीय.

"दसऱ्याला पूजलेलाय?" काडूबांनी बोर्ड डोळ्यांजवळ नेला. "मंग तर लई बेस झालं. ह्योच टाका."

"कुंकू पुसून देतो."

"नाय, नाय! पुसायचं नाय."

"काडूबाभाऊ, खाचांतलं काढावंच लागेल. तिथं वीज खेळते."

शेवटी तडजोड झाली. खाचा ब्रशनं आणि स्पिरिटनं साफ केल्या, अक्षता चिमट्यानं काढली, आणि ज्याला वीज लागत नाही अशा वरच्या धातूच्या पट्टीवरचं कुंकू तसंच ठेवलं. कुंकू कोरडं होतं आणि सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण होतं, म्हणून बोर्ड वाचला. ओलं गंध असतं तर कठीण होतं. काडूबा खूश होऊन गेले. मला माझंच कौतुक वाटलं.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी मी पडेगावला गेलो. जोडणी गार्गीच करणार होती. प्रोसेसर सॉकेटमध्ये अलगद बसला. याला जोर लावायचा नसतो. जोर लावावा लागतोय म्हणजे काहीतरी चुकतंय. रॅम बसली, कार्ड बसलं. काका शेजारी उभे. बोर्डावर हळद का नाही हे तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी मनातल्या मनात हसत होतो.

बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळा.

गार्गीनं केबल तपासल्या. रॅम काढून परत बसवली. स्क्रीन काळाच. मग काका एकदम म्हणाले, "माझ्यामुळे झालं हे. मी चुकीचा बोर्ड आणला होता, गार्गी. तुझ्यापासून लपवून बदलून घेतला."

"मला माहीत होतं, बाबा."

"माहीत होतं?"

"पूजेच्या वेळीच बघितलं होतं."

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे तू मला सांभाळून घेत होतीस. बरोबर आहे. उगाच मध्ये पडलो. आपल्याला यातलं कळत नाही, हेच खरं." आणि ते दाराकडे वळले. गार्गीला ज्याची भीती वाटत होती तेच अगदी शब्दशः घडत होतं.

तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला.

"काका, थांबा. यात तुमचा काही संबंध नाही. चूक माझी आहे."

मदरबोर्डात एक छोटा प्रोग्रॅम असतो, बायोस. मशीन चालू होताना तो प्रोसेसरची ओळख पटवतो. माझा बोर्ड दोन वर्षांपूर्वीचा, गार्गीचा प्रोसेसर त्यानंतर निघालेला. सॉकेट जुळत होतं, पण बोर्ड त्याला ओळखतच नव्हता. नवी ओळख पेन ड्राइव्हवरून भरता येते. ती भरायला मात्र बोर्ड ओळखतो असा जुना प्रोसेसर लागतो. हे मला दुकानातच बघायला हवं होतं. जुना स्टॉक देताना पहिली गोष्ट तीच बघायची असते. काडूबांना बोर्ड खपवल्याच्या आनंदात मी बघितली नव्हती.

"म्हणजे तुम्हीसुद्धा चुकलात?" काकांनी विचारलं. आवाज बराच सुधारला होता.

"पंधरा वर्षं हेच करतोय, आणि चुकलो."

गाडी काढली, दुकानातून जुना प्रोसेसर आणि पेन ड्राइव्ह घेऊन परत आलो. तो बसवला तसा स्क्रीन उजळला. बायोस भरायला सुरुवात केली आणि दोघांना बजावलं, "आता वीज जाता कामा नये. मध्येच गेली तर बोर्ड मेला समजा. तुमच्याकडे यूपीएस नाही, म्हणून देवाचं नाव घ्या."

नेमका तेव्हाच खाली टँकर रिकामा झाला. पाणी वर चढवणारी सोसायटीची मोटार चालू केली की फ्यूज उडतो, हे त्या इमारतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मोटारीची किल्ली काकांकडे. पाडव्याचा सण, अख्खी इमारत आंघोळीसाठी खोळंबलेली. खालून हाका सुरू झाल्या.

"दीक्षितसाहेब, मोटार चालू करा!"

"सकाळपासून थेंब नाही हो घरात!"

काका बाल्कनीत गेले. आयुष्यभर लोकांना पाणी वेळेवर मिळावं म्हणून फायली हलवलेला माणूस तो. किल्ली मुठीत घट्ट धरून खणखणीत आवाजात म्हणाले, "पाच मिनिटं कोणी मोटारीला हात लावायचा नाही! माझ्या मुलीच्या मशीनचं बायोस चालू आहे!"

खाली शांतता पसरली. बायोस म्हणजे काय हे कोणाला माहीत नव्हतं, पण ते मोठं काहीतरी असावं असं सगळ्यांना वाटलं. गार्गी स्क्रीनकडे बघत होती आणि डोळे पुसत होती. मी दुसरीकडे बघितलं.

स्क्रीनवरची पट्टी शंभर टक्क्यांवर गेली. तिचा प्रोसेसर बसवला, बटण दाबलं, मशीन चालू. काकांनी खाली जाऊन मोटार सुरू केली आणि ठरल्याप्रमाणे फ्यूज उडाला. मशीनला काही झालं नाही.

तेव्हापासून जुना बोर्ड देताना मी आधी बायोस बघतो. आणि "घरी सांगू नका" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, आधी घरी बोलून या.

दोन महिन्यांनी काका त्यांच्या एका मित्राला घेऊन दुकानात आले. मित्राच्या नातवासाठी मशीन हवं होतं. मी बोर्ड काढून काउंटरवर ठेवला, तर काकांनी चष्मा लावला, खोकं उलटंपालटं करून वाचलं आणि मित्राला म्हणाले, "थांब, पैसे काढू नकोस. यांना आधी बायोस विचारायचं असतं."