साडेबावीस

माझी ताई बाटल्यांच्या कारखान्यातल्या दवाखान्यात एकोणीस वर्षं लोकांची वजनं घेत आली. ती नर्स नव्हती, डॉक्टर तर नव्हतीच. पण नवा कामगार आधी तिच्या काट्यावर चढायचा आणि मगच डॉक्टरांपुढे जायचा. कारखान्यात तिला सगळे 'काटेबाई' म्हणत. तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती.

तिचं गणित तिनं मला इतक्या वेळा ऐकवलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन. वजन किलोत घ्यायचं, उंची मीटरमध्ये. वजनाला उंचीनं भागायचं आणि आलेल्या उत्तराला पुन्हा उंचीनंच भागायचं. उत्तर साडेअठराच्या खाली आलं तर माणूस वाळलाय, पंचविसाच्या वर गेलं तर जरा जास्तच भरलाय. मधल्यांना ती "जा, मजा कर" म्हणून सोडायची. "नुसत्या वजनानं काय कळतं? उंच माणसाचे ऐंशी आणि बुटक्याचे ऐंशी सारखेच का?" असं विचारायची, आणि ते खरंच होतं. मी स्वतः एकोणतीस होते. दर भेटीत ते चारचौघांत ऐकून घेत होते.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, तिचा अभिमान होते. घराखालीच त्यांचं किल्ल्या बनवायचं दुकान. उंची एक मीटर सत्तर, वजन पासष्ट, भागाकार साडेबावीस. लग्नापासून आकडा हललेला नाही. दवाखान्यातून मोडीत निघालेला, दांडीवर सरकत्या वजनांचा काटा ताईनं घरी आणला होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाऊजी त्यावर चढत. मोठं वजन साठाच्या खाचेत, छोटं पाचावर, की दांडी आडवी. ताई कपाटाच्या दारामागच्या कार्डावर 'साडेबावीस' लिहायची. पुढेपुढे तर ती वजनं हलवायचीही नाही, आधीची तिथेच असायची.

फेब्रुवारीत मला एक किल्ली करून हवी होती म्हणून मी दुकानात बसले होते. भाऊजी कानस चालवत होते आणि त्यांचं घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरत होतं. ते खाली ओढायचे, पुन्हा घसरायचं. पट्ट्याला खिळ्यानं दोन नवी भोकं पाडलेली. खाली बघितलं तर बुटांच्या नाड्या सोडलेल्या आणि टाचा दुमडून बूट चपलांसारखे घातलेले.

"भाऊजी, घड्याळ मोठं झालं की काय?"

"पट्टा जुना झालाय गं."

"आणि बूट लहान झाले?"

ते हसले. हसता हसता दम लागला म्हणून थांबले. मला ते बरं वाटलं नाही.

मी वर गेले. ताई इस्त्री करत होती. "भाऊजींचं घड्याळ कोपरापर्यंत घसरतंय. हात वाळलेत त्यांचे आणि पाय सुजलेत. डॉक्टरांना दाखव," मी म्हटलं.

"साडेबावीस आहेत ते," ती मान वर न करता म्हणाली. "तू आधी तुझं बघ."

एकोणतीसवालीनं साडेबावीसवाल्याची काळजी करायची नाही, असा त्या घरचा कायदा! माझा स्वभाव आधीच तापट. मी तरातरा निघून आले आणि पुढचे तीन महिने त्या घरी फिरकले नाही. फोनही केला नाही. त्या रागाची आज मला लाज वाटते.

गेले ती थेट जूनच्या पहिल्या रविवारी. भाऊजी काट्यावर उभे होते. दांडी आडवी. ताईनं पेन उचललं. भाऊजींचं पोट पुढे आलं होतं, त्याला ती सुखाचं पोट म्हणाली. मी म्हटलं, "भाऊजी, मोजे काढा."

मोजा निघाला, पण त्याची किनार पायात रुतून राहिली. ताई खाली बसली. तिनं नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. ती तो भरायची वाट बघत बसली. भाऊजी म्हणाले, "अगं, लिही ना," आणि तरी ती बसूनच राहिली.

इस्पितळात कळलं की यकृत कधीपासूनच निकामी होत चाललं होतं. अंगावरचं मांस झिजत गेलं आणि त्या जागी पाणी साठत गेलं. जेवढं गेलं तेवढंच आलं. "काट्याला मांस काय आणि पाणी काय, दोन्ही सारखंच," डॉक्टर म्हणाले. अख्ख्या कारखान्याची तब्येत सांगणारी माझी बहीण! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तीन आठवडे पाणी काढत होते. मग वजन करायचं ठरलं तेव्हा ताई नर्सला म्हणाली, "मी घेते." तिथला काटाही तसलाच होता. तिनं सवयीनं मोठं वजन साठाच्या खाचेत टाकलं, मग उचलून पन्नासाच्या खाचेत आणलं. छोटं एकावर आणलं. दांडी आडवी झाली. भागाकाराला तिला कागद लागला नाही. "साडेसतरा," ती पुटपुटली आणि भाऊजींना धरून खाली उतरवलं. त्यांना उचलायला ती एकटी पुरली.

बाहेर डॉक्टरांनी सांगितलं की आता फार काही हातात नाही. चार-पाच महिने आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

आम्ही दोघी बाकावर बसलो. तिनं विचारलं, "तू घड्याळाचं बोलली होतीस ना, तो कुठला महिना होता गं?"

"मे," मी म्हटलं.

"मेमध्ये तू आली नव्हतीस," ताई म्हणाली. "रागावली होतीस ना माझ्यावर."