निरोप कुणापाशी अडला

आमच्या वॉशिंग मशीनला मार लागायचा, आणि तोही माझ्याच हातचा. उजव्या अंगाला, वरच्या कडेच्या जरा खाली, तळहाताने एक सणसणीत धपका दिला की ते निमूट फिरायला लागे. मुलाने मारलं तर ऐकत नसे, सुनेने मारलं तर नुसतं गुरगुरे. या घरात माझ्यावाचून कुणाचं पान हलत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवायची. पण हल्ली ते माझंही कधी ऐके, कधी नाही. शेवटी मुलाने नवं मशीन ठरवलं आणि चहा पिताना सांगून टाकलं, "जुनं न्यायला संध्याकाळी माणूस येतोय."

हे ऐकून वन्सं ताडकन उठल्या. चहा तसाच राहिला.

वन्सं म्हणजे माझी नणंद. त्यांचा उभा जन्म एका कारखान्यात गेला. यंत्राच्या पोटात ती हिरवी पाटी असते ना, सर्किट बोर्ड म्हणतात ती, तशा पाट्या तिथे बनायच्या. पाटी पट्ट्यावरून सरकत येई. ओळीने बसलेल्या बायका आपापला एकेक भाग तिच्यात खोवून, खालून सोल्डरचा, म्हणजे वितळवलेल्या कथलाचा, डाग देऊन, पुढे ढकलत. वन्संच्या वाट्याला रिले. रिले म्हणजे एक एवढीशी डबी. ती पुढे वीज सोडते तेव्हा आतून टक वाजतं, म्हणून कारखान्यात वन्संचं नावच टकटक पडलं. पुढे बायकांच्या जागी यंत्रं आली आणि वन्सं आमच्याकडे राहायला आल्या. पण हात गप्प बसतील तर शपथ! माझ्या स्वयंपाकघरातला एकही दांडा त्यांनी ढिला राहू दिला नाही.

आमच्या कोपऱ्यावर दुरुस्तीचं दुकान आहे. वन्सं तिथे काम मागायला गेल्या होत्या. दुकानदार माणूस सरळ. म्हणाला, "मावशी, डाग देणारे पुष्कळ मिळतात हो, बिघाड शोधणारं कुणी मिळत नाही. तुमच्या घरचं मशीन मी दोनदा उघडलं, मला नाही सापडलं. तुम्ही चालू करून दाखवा, ही खुर्ची तुमची."

आता कळलं ना, चहा का राहिला ते? मशीन गेलं की खुर्ची गेली.

"आत्या, अगं भंगार आहे ते," मुलगा म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत माझं आहे," वन्सं म्हणाल्या. "पेचकस आण."

मशीनची तार काढली, पाठ उघडली. पाटी दिसली मात्र, वन्संचा चेहरा असा फुलला की जणू माहेरचं माणूस दारात उभं आहे. "वहिनी, इकडे या! आमच्या कारखान्यातली नाही, पण आमच्याच कुळातली आहे. ही बघा, सगळ्यात पहिली बसलीय ती तापट."

"कोण?"

"हा फ्यूज. आमच्याकडे जी बसवायची ना, ती अश्शीच. जरा जास्त झालं की जळून मोकळी! आणि हा पिंपासारखा कपॅसिटर, ही जाडी. हिला हात लावू नका, लाइट काढली तरी हिच्या पोटात गोष्ट राहते."

"बायकांत एकीच्या तरी राहते म्हणा!"

मग वन्सं मीटर घेऊन बसल्या. मीटरच्या दोन टोकांत रस्ता नीट असला की ते बीप करतं. "वीज म्हणजे निरोप," त्या मला समजावत होत्या. "हिने तिला सांगायचा, तिने पुढचीला. कुणापाशी अडला तेवढं शोधायचं." तापटने सांगितला, बीप. तिच्या पुढचीने सांगितला, बीप. मी शाळेत फार रमले नाही, पण हे मला झटकन कळलं. आमच्या जावांचं तेच तर चालायचं! मला तर असा चेव चढला की भाजी करपल्याचा वास सुनेला आला, मला नाही.

आपल्या रिलेपाशी आल्यावर वन्सं थबकल्या. "इथला डाग फिका पडलाय. हीच! मीच नडतेय." मोठ्या हौसेने त्यांनी जुना डाग काढून नवा दिला, आरशासारखा चकचकीत. तार लावली, बटण दाबलं. टक! टोपलं फिरलं, फिरलं, आणि थांबलं.

वन्सं स्टुलावर मटकन बसल्या. हातातला चष्मा नुसता पुसत राहिल्या. "जन्मभर एकच भाग बसवला, वहिनी. दुसरीकडे नजर जातच नाही माझी. बरोबर बोलला तो दुकानदार."

मला काही सुचेना. सुचेना तेव्हा मी जे करते ते केलं. मशीनला धपका दिला. आणि ते फिरायला लागलं!

वन्संनी मान वर केली. "कुठे मारलंत?"

"नेहमी मारते तिथेच. दुसरीकडे ऐकत नाही ते."

"आत्ता टक वाजलं?"

"नाही बाई. नुसतंच फिरलं."

"नाहीच वाजलं!" वन्सं अशा उठल्या की स्टूल आडवं झालं. "टक तर मघाशी बटण दाबलं तेव्हाच वाजलं होतं. म्हणजे मी निरोप दिला होता. तो माझ्या पुढे अडलाय! वहिनी, माझ्या पुढे कोण बसायची?"

मला काय ठाऊक! पण त्यांचं त्यांनाच आठवलं. "खुंटीवाली! मोटरची तार जिथे खोचतात त्या खुंट्या ती बसवायची. रोजचं एकच रडगाणं तिचं, 'तुमचं बरंय बायांनो, तार हिसडते ती माझ्याच डागाला.' आम्ही हसायचो हो तिला!"

तार पुन्हा काढली, बॅटरीचा उजेड धरला. भिंग लावून बघतात तो खुंटीच्या बुडाशी केसाएवढी भेग, गोल. मशीन थरथरून थरथरून डाग सुटला होता. माझ्या धपक्याने दोन कडा टेकत, म्हणून फिरायचं. एवढा जोर माझ्या हातात, आणि श्रेय भेगेचं! वन्संनी जुना डाग काढला, नवा भरला, आणि तार कधी हिसडू नये म्हणून शेजारी बांधूनही टाकली.

जुनं मशीन न्यायला आलेला माणूस दारात आणि आमचं मशीन धो धो फिरतंय. मुलाने दुकानदाराला हाक मारून आणलं. त्याने ते बंद करून पुन्हा चालू केलं, कान लावला, टक ऐकलं. मग म्हणाला, "मावशी, मारून बघू?"

"बघा की."

त्याने उजवीकडून मारलं, डावीकडून मारलं, वरून मारलं. मशीन ढिम्म, आपलं फिरतच राहिलं. मी घाबरून म्हटलं, "अहो, पुरे, माणसालासुद्धा इतकं मारत नाहीत!" तो हसला. "उद्यापासून या, मावशी. चष्मा आणा."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पोचवायला म्हणून गेले आणि तिथेच रेंगाळले. पहिल्याच गिऱ्हाईक बाईंनी मिक्सर पुढे ठेवला. वन्संनी तो उघडलासुद्धा नाही. खुर्चीत ताठ बसून विचारलं, "याला मारलं तर चालतो का?"

बाई ओशाळल्या. "हो. पण आमच्या सासूबाईंनी मारलं तरच."

"मग त्यांनाच घेऊन या," वन्सं म्हणाल्या. "कुठे मारतात ते दाखवायला सांगा."