फुटलेल्या कपाचा धनी

पहिलवान कधी आखाड्यात उतरला नव्हता. भिंती रंगवणं हा त्याचा धंदा. पण देहच असा, की दारात उभा राहिला तर खोलीतला उजेड अडायचा. आणि असला हा गडी लग्न झाल्यापासून बायकोचा मार खात होता. हसू आलं? त्याच्या मित्रांनाही आलं होतं. एकदाच त्यानं धीर करून सांगितलं, तर "अरे, तू नुसता शिंकलास तरी ती उडून जाईल!" म्हणत मेले खिदळत बसले. तेव्हापासून त्यानं तोंडाला कुलूप लावलं. दंडावरच्या भाजल्याच्या डागाबद्दल कुणी विचारलं, तर शिडीवरून पडलो म्हणायचा.

त्याची थोरली बहीण मात्र असल्या थापांना भुलणारी नव्हती. "शिडीवरून पडून इस्त्रीचा डाग कसा उठतो रे?" एवढंच तिनं विचारलं आणि त्याला सरळ आपल्या घरी घेऊन आली.

थोडे दिवस बरे गेले. मग बायकोचे गोड फोन सुरू झाले आणि पहिलवान विरघळला.

"ताई, रविवारी संध्याकाळी परत जातो. माझंच काहीतरी चुकत असणार."

ताईला ते मुळीच पटलं नाही. पण तिनं आदळआपट केली नाही. "जा. पण दुपारी त्या सायकलच्या दुकानावरच्या खोलीत जाऊन ये. घरी मार खाल्लेले पुरुष जमतात तिथे. बोलू नकोस हवं तर, नुसता चहा पिऊन ये."

पहिलवान गेला आणि दाराजवळची खुर्ची धरून बसला, म्हणजे पळायला बरं. बैठक चालवणारे निवृत्त मास्तर, एक ट्रकवाला, एक शिंपी आणि एक दातांचे डॉक्टर, एवढीच मंडळी. हवापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या. तेवढ्यात वाऱ्यानं खिडकी आपटली आणि तिथला कप खाली पडून खळ्ळकन फुटला.

"चुकलं माझं!" पहिलवानासकट पाचही जण एकदम ओरडले.

डॉक्टर तर बाहेर हात धुवायला गेले होते. ते तिथूनच ओरडले.

सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग ट्रकवाला फिस्सकन हसला. "डॉक्टर, तुम्ही तिथून कसा हो फोडलात?" झालं! सगळी खोली हसायला लागली. पहिलवान पोट धरून हसला, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. किती वर्षांनी! आणि हसता हसता त्याला उमगलं, की कप फोडला वाऱ्यानं आणि चूक कबूल केली आपण; इतकी वर्षं आपण हेच करत आलो.

एवढ्यात फोन वाजला. बायकोच होती.

"निघालास का? हे सगळं तुझ्यामुळे झालंय, ठाऊक आहे ना?"

ते दोन शब्द सवयीनं ओठांवर आले. त्यानं जमिनीवरच्या तुकड्यांकडे पाहिलं.

"मी येत नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवला.  मास्तरांनी त्याच्या हातात चहाचा कप दिला.

आता त्या बैठकीचा चहा पहिलवानच करतो. खोलीच्या भिंतीही त्यानं झक्क पिवळ्या करून टाकल्यात. परवा एक नवा माणूस आला आणि दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसला. चहा घेताना त्याच्या हातून कप निसटला. बिचारा पांढराफटक पडला. त्यानं तोंड उघडायच्या आत चहूकडून गलका झाला, "माझं चुकलं!" "छे, माझं!" शिंपी तर हक्कानं भांडायलाच उठला.

पहिलवान झाडू घेऊन आला आणि त्या माणसासमोर वाकला.

"कपाचं सोडा हो. तुमच्या पायाला नाही ना लागलं?"