दुसरा रिमोट

झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करणाऱ्या माणसाची आठवण लोकांना कागद अडकल्यावरच होते. तो येतो, झाकण उघडतो, आत हात घालून एक चुरगळलेला कागद बाहेर काढतो, आणि सगळे म्हणतात, "एवढंच होतं?" सव्वीस वर्षं तो हे ऐकत आला होता. त्याची तक्रार नव्हती. एवढंच असतं, हे त्यालाही ठाऊक होतं. ते कुठे असतं, हे शोधण्यात मात्र सव्वीस वर्षं गेली होती.

त्याचं लग्न राहून गेलं होतं. दोन गल्ल्या सोडून थोरला भाऊ राहायचा, त्याची एकुलती पोरगी शिकायला हॉस्टेलवर होती. संध्याकाळी सहा वाजता हत्यारांची बॅग खांद्याला लावून तो दादाकडे जायचा, चहा प्यायचा, वहिनींचं एखादं टोमणेवजा वाक्य ऐकायचा आणि घरी जायचा. दादा त्याला बारक्या म्हणायचा. पन्नाशीला टेकला तरी तो बारक्याच होता.

दादा बस चालवायचा. एकदा आगाराच्या फाटकात त्याच्या हातून किल्ली पडली. ती उचलली, पुन्हा पडली. मग गिअरचा दांडा जड वाटू लागला, मग शर्टाचं वरचं बटण. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागदावर एक माणूस काढून समजावलं. स्नायूंपर्यंत हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून बंद होत जातील. आधी पाय आणि हात, मागोमाग जीभ. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील.

"म्हणजे इंजिन चालू, पण गिअर पडत नाही," दादा म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. वहिनी हसल्या, आणि बाहेर जाऊन बाकावर बसून राहिल्या.

दादाचं अंथरूण बाहेरच्या खोलीत हललं. जास्तीची उशी शोधायला वहिनींनी माळा उपसला तेव्हा एक खोका खाली आला. आत रिमोटवर चालणारा रणगाडा होता. दादाने तरुणपणी सुट्या भागांतून तो स्वतः जोडला होता. अंगणभर चालवायचा. बारक्याचं काम पुढे पळण्याचं. वाटेतल्या चपला उचलायच्या, उलटला तर सरळ करायचा. रिमोट त्याच्या हातात कधी आला नाही. "तू चपला बघ," दादा म्हणायचा, "गाडी मी बघतो."

आता रबरी पट्टे खारी बिस्किटासारखे तुटत होते. बॅटरीतून पांढरट हिरवं काहीतरी झिरपून तारा खाऊन गेलं होतं. एका बाजूच्या गिअरचे चार दात गायब होते. अँटेना मोडली होती.

"होईल?" दादाने विचारलं.

"बघतो."

"बघतो म्हणजे नाही. मशीनवाले सगळे असंच बोलतात."

त्याने मनावर घेतलं. गिअर त्याच्याच भंगारातल्या मशीनमधले बसले, जणू त्यासाठीच बनवले होते. सडलेल्या तारा काढून नव्या टाकल्या. पट्टे बाहेरून मागवले. घुमट फिरवणारी मोटार जळाली होती. ती काढून जागा रिकामी केली आणि तिथे नवी, हलकी बॅटरी बसवली. जुन्या रिमोटचा भरवसा नव्हता, म्हणून आतलं सगळंच बदललं. तीन आठवड्यांनी रणगाडा फरशीवर ठेवला तेव्हा तो पूर्वीपेक्षा जोरकस निघाला. दादाने तो पलंगाखालून काढून थेट कपाटावर नेऊन आपटला.

"ब्रेक कुठाय रे याला?"

"बोट उचललं की थांबतो."

"तुमची बस तरी कुठे थांब्यावर थांबायची," वहिनी म्हणाल्या.

त्याच दिवशी वहिनींनी एक छोटी घंटा आणली होती. काही लागलं तर वाजवा, म्हणाल्या. दादाने तिच्याकडे पाहिलंही नाही. "घंटा नको. मी काय हॉटेलात गिऱ्हाईक आहे? तुला बोलवायचं तर गाडी पाठवीन."

आणि तसंच ठरलं. पलंगापासून दार, दारातला उंबरा, मग बोळकांडी, डावीकडे वळण आणि स्वयंपाकघर. एकूण सोळा फूट. उंबरा चढायला मोटारी कमी पडत होत्या. बारक्याने जास्त ताकदीच्या बसवल्या. वळण पलंगावरून दिसत नव्हतं, म्हणून बोळकांडीच्या भिंतीला त्याने तिरका आरसा लावला. दादा वळण बसवाल्यासारखंच घ्यायचा. आधी उजवीकडे भिंतीला लागेपर्यंत जायचं, मग डावीकडे मोठा वळसा. रणगाडा स्वयंपाकघरात शिरला की वहिनी गॅस बारीक करून म्हणायच्या, "आले, साहेबांचं वाहन आलं."

दादाला त्या दिवसांत दुसरं काहीच स्वतः करता येत नव्हतं. जेवण कुणीतरी भरवायचं. कूस कुणीतरी बदलायची. माशी बसली तर ती कुणीतरी उठवायची. हे सोळा फूट तेवढे त्याचे होते.

म्हणून बारक्या त्या सोळा फुटांसाठी झुंजू लागला. अंगठ्याला रिमोटची दांडी जड झाली, तेव्हा त्याने आतली स्प्रिंग बदलली. महिनाभर निभावलं. मग तीही जड झाली. दांड्या काढून त्याने मोठी बटणं बसवली. पंधरा दिवस. मग बटणं नाहीत, नुसत्या पट्ट्या. दर वेळी तो काहीतरी सोपं करून आणायचा आणि दर वेळी आजार एक पाऊल पुढे गेलेला असायचा.

शेवटी त्याने त्याच्या धंद्यातली सगळ्यात नाजूक वस्तू काढली. झेरॉक्स मशीनमध्ये कागद आला की नाही हे ओळखणारी प्लॅस्टिकची जिभली असते. एका कागदाच्या धक्क्यानेही ती हलते. तशा तीन जिभल्या त्याने एका लाकडी फळीवर बसवल्या आणि फळी दादाच्या उजव्या हाताखाली ठेवली. सरळ, डावीकडे, उजवीकडे.

"याच्याहून हलकं माझ्याकडे काही नाही, दादा."

दादाने बोट हलवलं. रणगाडा निघाला. "मग हेच शेवटचं," तो म्हणाला. त्याचे शब्द तेव्हा जरा जड झाले होते, पण सुटे होते. कुणालाही कळत होते.

तपासणीला सोपं जावं म्हणून बारक्याने स्वतःपुरता एक दुसरा रिमोट करून ठेवला होता. काड्यापेटीएवढा. फळी आणि तो, दोघांचंही रणगाडा ऐकायचा. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. दुरुस्ती करणारा स्वतःजवळ एक किल्ली ठेवतोच.

मग एका संध्याकाळी दादाचं बोट जिभलीवर होतं आणि रणगाडा जागचा हलत नव्हता. दादा बोटाकडे बघत होता. कपाळावर घाम आला होता. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "काय हो, आज बस बंद का?" बारक्याचा हात खिशात होता. त्याने विचार केला असं म्हणता येणार नाही. अंगठा दाबला गेला. रणगाडा निघाला.

दादाने श्वास सोडला. "चालतंय," तो म्हणाला. "मला वाटलं, गेलं."

दुसऱ्या दिवशी सांगून टाकू, असं बारक्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबलं. पुढे पुढे तो बोळकांडीच्या तोंडाशी स्टुलावर बसू लागला. तिथून आरसा दिसायचा, पलंग दिसायचा नाही. आपण नसताना रणगाडा बंद पडला तर बिंग फुटेल, म्हणून तो जाताना बॅटरी काढून बॅगेत टाकायचा.

"ठेवा की इथेच, मी लावीन चार्जिंगला," वहिनी म्हणाल्या.

"नको, चार्जर नाजूक आहे. माझ्याकडेच बरा."

"इतका नाजूक चार्जर? आमच्या घरात काय दंगल चालते?"

तो हसला. पाच आठवडे असे गेले. या पाच आठवड्यांत दादाची जीभ जड होत गेली. शब्दांच्या कडा झिजल्या, मग शब्द एकमेकांना चिकटले. आता फक्त वहिनींना कळायचं, तेही दोनदा विचारून. पण रणगाडा रोज सहा वाजता स्वयंपाकघरात जात होता, आणि तेवढं बघून बारक्या घरी जाऊन झोपू शकत होता.

त्या दिवशीही तो स्टुलावर बसला. खिशात अंगठा. रणगाडा उंबरा चढला, बोळकांडीत आला, वळला आणि स्वयंपाकघरात शिरला. आतून वहिनींचा आवाज आला नाही. त्याने वाकून पाहिलं. स्वयंपाकघर रिकामं होतं. गॅस बंद होता.

तो उठून बाहेरच्या खोलीत आला. वहिनी पलंगाशेजारी उभ्या होत्या. दादाचा उजवा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. फळी खाली जमिनीवर होती.

"हात माझ्याकडे आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या.

त्याने खिशातून हात काढला. काड्यापेटीएवढी वस्तू हातातच होती.

"किती दिवस?"

"पाच आठवडे."

वहिनींनी दादाकडे पाहिलं. दादा काही बोलला. ओला, सलग आवाज. त्यांनी कान जवळ नेला, परत विचारलं.

"म्हणताहेत, वळणावर तू आत घुसतोस. मी कधी असा वळलो नाही. चार दिवस आरशात बघतोय."

बारक्याने आयुष्यभर दादाला वळताना पाहिलं होतं. त्याच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. त्याने सरळ जवळचा रस्ता घेतला होता.

"मला वाटलं, दादाला बरं वाटेल," तो म्हणाला.

"बरं वाटलंच," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "तेच तर झालं. तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. आमच्यात ठरलं होतं. पोरीसाठी काही बोलून ठेवायचं होतं त्यांना. ती तिकडे हॉस्टेलवर, सुट्टीत येईल तोवर आवाज राहील न राहील. मी कधीच रेकॉर्डर आणून कपाटात ठेवला. रोज विचारायची, आज बसायचं? तर हे म्हणायचे, बोट थांबलं की बसतो. गाडी चालतेय ना अजून, घाई काय आहे."

त्यांनी दादाचा हात अलगद चादरीवर ठेवला.

"पाच आठवड्यांपूर्वी ते सुटं बोलत होते, भाऊजी."

बारक्या खाली बसला. बसायला तिथे काही नव्हतं, तो फरशीवरच बसला. स्वयंपाकघरात रणगाड्याची मोटार हलकेच गुणगुणत होती. ती बंद करायलाही तो उठला नाही. दुरुस्तीच्या धंद्यात चूक सापडते, मग ती काढता येते. ही सापडली होती. काढायला हात घालावा अशी फट कुठेच नव्हती.

दादा पुन्हा बोलला.

"रेकॉर्डर काढ म्हणताहेत," वहिनी म्हणाल्या. "आत्ताच." त्यांनी कपाट उघडलं. परत येऊन दादाच्या तोंडाशी कान लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. "मी नको म्हणताहेत. माझ्याविषयीचं आहे, माझ्याच तोंडून कसं जाईल. तुम्ही बसा. ते बोलतील, तुम्ही मागून म्हणायचं."

"वहिनी, मला दादाचं निम्मंही कळत नाही."

"माहीत आहे त्यांना." त्यांनी रेकॉर्डर उशीजवळ ठेवला. दादा अजून बोलत होता. त्यांनी ऐकलं आणि जसंच्या तसं सांगितलं. "म्हणताहेत, मी म्हणेन तेवढंच म्हण. पुढे जायचं नाही."

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

बारक्याने पलंगाच्या कडेला बसून बटण दाबलं. लाल दिवा लागला. दादाने डोळे त्याच्यावर ठेवले आणि सुरुवात केली. पहिलं वाक्य त्याला तिसऱ्या वेळी कळलं. त्याने ते म्हटलं. "बाळा, हा आवाज काकाचा आहे, बोलतोय मी." दादाने पापण्या मिटून उघडल्या. बरोबर.

दुसऱ्या वाक्याला दहा मिनिटं लागली. ते गाडी चालवायला शिकण्याविषयी होतं. घाबरू नकोस, क्लच सावकाश सोड. दादाच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. बारक्याने रुमालाने त्याची हनुवटी पुसली.

तिसरं वाक्य 'तुझी आई' असं सुरू झालं. पुढचं कळलं नाही. दादाने पुन्हा म्हटलं. लांब वाक्य होतं, मध्ये एकदा श्वास घ्यावा लागला. बारक्या त्याच्या ओठांना जवळजवळ कान लावून ऐकत होता. तुझी आई, आणि मग नुसता ओला आवाज. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा.

आईविषयी बाप मुलीला काय सांगेल, हे त्याला ठाऊक होतं. कुणालाही ठाऊक असतं. तिची काळजी घे. ती बोलून दाखवत नाही. तिने माझं सगळं केलं. यातलं कुठलंही चाललं असतं. पोरगी रडली असती, वहिनींना कधीतरी ऐकवलं असतं, आणि हे दादाचं नाही हे कुणालाही कधी कळलं नसतं. वाक्य त्याच्या जिभेवर येऊन थांबलं होतं. अंगठा दाबण्याइतकं सोपं होतं.

दादा त्याच्याकडे बघत होता. पाचव्यांदा म्हणण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती. त्याची छाती भराभर वरखाली होत होती.

बारक्याने रेकॉर्डर जवळ ओढला.

"इथे तुझे बाबा तुझ्या आईबद्दल एक वाक्य बोलले," तो म्हणाला. "चार वेळा बोलले. मला ते कळलं नाही."

दादाने डोळे मिटले. बारक्या वाट बघत राहिला, ते उघडण्याची. लाल दिवा चालू होता.